मदरबोर्डशिवाय एसएमपीएस कसा सुरू करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, काखोटीला मारून दुकानात आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न एकच विचारतं: "हा गेलाय का बघा ना." बघायला दोन मिनिटं लागतात आणि एक वाकवलेली यू-पिन पुरते. पण त्या दोन मिनिटांत काय कळतं आणि काय कळत नाही, याबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत. त्यापायी चांगले मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचे मुख्य सर्किट बोर्ड, भंगारात गेलेले मी पाहिलेत. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो.

प्लग लावला, मागचा स्विच चालू केला, तरी पंखा फिरत नाही. म्हणजे एसएमपीएस गेला ना?

नाही. चांगला एसएमपीएससुद्धा असाच गप्प बसतो.

फार जुन्या, एटी पद्धतीच्या कॉम्प्युटरमध्ये पुढचं बटण थेट २३० व्होल्टची लाइन चालू-बंद करायचं. बटण दाबलं की सप्लाय सुरू, मध्ये कुणी नाही. इंटेलने १९९५ साली एटीएक्स पद्धत आणली आणि हे बदललं. आता पुढचं बटण मदरबोर्डला सांगतं आणि मदरबोर्ड एसएमपीएसला सांगतो. बोर्ड जोडलेलाच नसेल, तर सांगणारं कुणी नाही आणि एसएमपीएस वाट बघत राहतो. एसएमपीएसचा जो २४ पिनांचा कनेक्टर बोर्डात बसतो, त्यातल्या हिरव्या आणि काळ्या वायरमध्ये आपण यू-पिन लावतो तेव्हा बोर्डाचं तेवढं एक काम हाताने करतो.

हिरवी वायर नेमकं काय करते?

मागचा स्विच चालू असताना एसएमपीएस पूर्ण झोपलेला नसतो. आत एक छोटा वेगळा सप्लाय जागा असतो आणि तो जांभळ्या वायरवर सतत ५ व्होल्ट देतो. त्याला स्टँडबाय म्हणतात. हिरवी वायर आतून एका रेझिस्टरमधून (करंट कमी करणारा छोटा भाग) याच स्टँडबायला बांधलेली असते, म्हणून मोकळी सोडली तर तिच्यावर ३ ते ५ व्होल्टच्या आसपास दिसतात. तिला काळ्या वायरला, म्हणजे ग्राउंडला, टेकवलं की ते व्होल्टेज खाली बसतं. ०.८ व्होल्टच्या खाली गेलं की एसएमपीएस समजतो, "चला, उठायचं."

यात वाहणारा करंट अगदी किरकोळ असतो, एटीएक्सच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १.६ मिलिअँप. त्यामुळे जाड वायरची गरज नाही आणि या दोन वायरी जोडताना ठिणगीही पडत नाही. ठिणगी पडली, तर तुम्ही भलतीच वायर धरली आहे.

काय काय वापरता येतं?

माझी पहिली पसंती लॅन केबलच्या आतल्या एका तारेला. घराघरात तुकडा पडलेला असतो, तार बहुधा सिंगल स्ट्रँड, म्हणजे एकच अखंड, असते, साधारण अर्ध्या मिलिमीटरची, आणि वरून प्लॅस्टिकचं आवरण असतंच. बोटभर तुकडा कापायचा, दोन्ही टोकं सेंटिमीटरभर सोलायची, तार दुमडून इंग्रजी यूसारखी करायची. ती कनेक्टरमध्ये जरा सैल बसते, म्हणून सोललेलं टोक दुहेरी दुमडून घालायचं. मग हलत नाही.

ऑफिसची यू-पिन हा सर्वांना माहीत असलेला उपाय. ती सरळ करून पक्कडीने पुन्हा यूसारखी वाकवायची आणि मधल्या भागावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्यायचे. रंगीत यू-पिन असेल, तर वरचं प्लॅस्टिक टोकांवरून खरवडून काढा. नाहीतर पिन नीट बसलेली दिसते, पण जोडणी होत नाही आणि माणूस एसएमपीएसला दोष देतो. ही चूक मी कितीतरी जणांची पाहिली आहे.

स्टेपलरची पिन फार बारीक, ती आत पडते आणि शोधावी लागते. केसांची पिन, सुई, खिळा हे जाड. कनेक्टरच्या छिद्रात पितळेची छोटी नळी असते आणि ती मिलिमीटरभर जाडीच्या पिनेसाठी केलेली असते. जाड वस्तू कोंबली की नळी पसरते. आज चाचणी होते, पण पुढे तोच कनेक्टर बोर्डावर सैल बसतो, तापतो आणि सहा महिन्यांनी प्लॅस्टिक तपकिरी पडतं. चॉकलेटची चांदी, सिगारेटच्या पाकिटातला कागद असलं काही तर नकोच. ते शेजारच्या छिद्रांत पसरतं.

हीच जोडणी करून देणारा तयार जंपर प्लगही मिळतो. २४ पिनांच्या कनेक्टरवर टोपीसारखा बसतो. महिन्यातून दोन-तीनदा हे काम करत असाल तर तो घ्याच.

पहिल्यांदाच करतोय. क्रम सांगा.

सगळी जोडणी काढा. हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, बोर्ड, काही जोडलेलं नको. एसएमपीएस लाकडी टेबलावर ठेवा, पंख्याची बाजू मोकळी राहील असा. थ्री-पिन सॉकेट अर्थिंगवालं असू द्या. मागे लाल रंगाचा ११५/२३० निवडीचा स्विच असेल, तर तो २३० वर आहे हे डोळ्यांनी बघा. बरेच जण हे बघत नाहीत. भारतात तो ११५ वर राहिला आणि प्लग लावला, तर आतल्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) दुप्पट व्होल्टेज जातं आणि स्फोटासारखा आवाज होऊन सप्लाय कायमचा संपतो.

आता मागचा स्विच बंद असतानाच यू-पिनचं एक टोक हिरव्या वायरच्या छिद्रात आणि दुसरं शेजारच्या काळ्या वायरच्या छिद्रात घाला. हात बाजूला घ्या. मग मागचा स्विच चालू करा. आतून हलकासा "टक" ऐकू येईल किंवा येणारही नाही, पण पंखा फिरायला लागला पाहिजे. बंद करताना उलटा क्रम: आधी स्विच, मग पिन.

पिन हातात धरून चालू सप्लायमध्ये घालण्याची सवय लावू नका. हिरव्या-काळ्यात धोका नाही हे खरं, पण हात थरथरला तर शेजारी बाकीच्या वायरी आहेतच.

माझ्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या आहेत. हिरवी कशी ओळखायची?

हल्लीच्या मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्या निघणाऱ्या, सप्लायमध्ये हाच त्रास आहे. मग जागा मोजायची.

२४ पिनांच्या कनेक्टरच्या एका बाजूला बोर्डावर अडकणारी क्लिप असते. क्लिपच्या बाजूची ओळ म्हणजे १३ ते २४ नंबरच्या पिना. कनेक्टरच्या एका टोकाला बहुतेक वेळा ४ पिनांचा सुटा होणारा तुकडा असतो. त्याच्या विरुद्ध टोकापासून, क्लिपच्या ओळीत मोजायला लागा: १३, १४, १५, १६. चौथं छिद्र म्हणजे हिरवी वायर. तिच्या दोन्ही बाजूंना, १५ आणि १७ वर, ग्राउंडच आहे, म्हणून उजवीकडची घेतली काय आणि डावीकडची घेतली काय, फरक पडत नाही.

पडताळा घ्यायचा असेल तर याच ओळीत एक छिद्र रिकामं सापडेल. ती २० नंबरची जागा. पूर्वी तिथे पांढरी वायर असायची, उणे ५ व्होल्टची, आता ती कुणाला लागत नाही. त्या रिकाम्या छिद्रापासून लांबच्या टोकाकडे सरकलं की आधी तीन ग्राउंड लागतात आणि मग हिरवी.

जुन्या २० पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी १४ नंबरवर असते. पण त्या काळच्या वायरी रंगीतच असतात, मोजायची वेळ येत नाही.

मल्टिमीटर असेल तर त्याहून सोपं. पिन न लावता सप्लाय चालू करा, काळा प्रोब ग्राउंडला आणि लाल प्रोब एकेका छिद्रात. फक्त दोनच छिद्रांत व्होल्टेज मिळेल: जांभळी आणि हिरवी. दोन्ही वेगवेगळ्या ओळींत आहेत. क्लिपच्या ओळीतली ती हिरवी.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. हे मोजणं बोर्डाकडच्या कनेक्टरवर करायचं. मॉड्युलर केबल एसएमपीएसच्या अंगाला जिथे लागते, तिथला पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. तिथे पिन खुपसू नका. आणि एका कंपनीची मॉड्युलर केबल दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला बसते म्हणून लावूही नका. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क त्याच क्षणी जाते, आणि तिच्यातले फोटो परत आणून देणं माझ्या हातात नसतं.

चुकून दुसऱ्याच छिद्रात पिन गेली तर?

लाल (५ व्होल्ट), पिवळी (१२ व्होल्ट) किंवा नारिंगी (३.३ व्होल्ट) वायर काळीला जोडली गेली, तर बहुतेक सप्लाय शॉर्ट ओळखून बंद होतात. स्विच बंद करा, प्लग काढा, अर्धा-एक मिनिट थांबा आणि पुन्हा करा. पण "बहुतेक" म्हणतोय. स्वस्तातल्या सप्लायमध्ये हे संरक्षण नावापुरतं असतं आणि तेवढ्यात यू-पिन लाल होऊन बोट भाजतं.

म्हणून नवख्यांना मी साधी तार देतच नाही. अर्ध्या वॉटचा ३३० ओहमचा रेझिस्टर देतो. त्याचे दोन पाय म्हणजेच जंपर. हिरव्या वायरमधून येणारे १.६ मिलिअँप त्यातून गेले तर त्याच्यावर जेमतेम अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे ०.८ च्या आतच, आणि सप्लाय सुरू होतो. आणि चुकून तो १२ व्होल्टला लागला तरी ३६ मिलिअँपच्या वर काही वाहत नाही. रेझिस्टर थोडा तापतो, इतकंच. एका नाण्याच्या किमतीत चुकायची मुभा मिळते. शाळा-कॉलेजात कार्यशाळा घेणाऱ्यांनी तर हाच वापरावा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी युक्ती मल्टिमीटरचीच. मीटर २० मिलिअँपच्या रेंजवर ठेवून एक प्रोब हिरव्यात आणि एक काळ्यात घातला की मीटर स्वतःच जंपर होतो, सप्लाय सुरू होतो आणि करंटही दिसतो. चुकीच्या छिद्रात गेलं तर मीटरचा फ्यूज उडतो, एवढं लक्षात ठेवा.

शॉक बसेल का?

कनेक्टरच्या बाजूला नाही. तिथे सगळ्यात जास्त १२ व्होल्ट आहेत. पण १२ व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी असंही समजू नका. पिवळ्या वायरीत २०-३० अँप देण्याची ताकद असते. हातात अंगठी किंवा धातूचं कडं असेल तर काढून ठेवा. शॉर्टमध्ये अंगठी तापते ती बोटातून निघत नाही.

"एसएमपीएसच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात" ही तक्रार वेगळी, आणि ती आपल्याकडे फार आहे. इनपुटच्या फिल्टरमध्ये लाइनपासून डब्याकडे आणि न्यूट्रलपासून डब्याकडे असे दोन छोटे कपॅसिटर असतात. सॉकेटला खरं अर्थिंग असेल तर त्यांच्यातली गळती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल, तर डबा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो आणि टेस्टर मंद पेटतो. बहुतेक वेळा एसएमपीएस चांगलाच असतो, बिघाड भिंतीत असतो. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. थ्री-पिनचं टू-पिन करणारा अडॅप्टर लावून हे काम कधीच करू नका.

पंखा एकदा हलतो आणि लगेच थांबतो. का?

दोनच मोठी कारणं. पहिलं, आउटपुटच्या बाजूला कुठेतरी शॉर्ट आहे. काही जोडलेलं राहिलं असेल तर काढा आणि प्लग काढून पुन्हा प्रयत्न करा. काहीच जोडलेलं नसताना असं होत असेल, तर शॉर्ट सप्लायच्या आत आहे, बहुधा डायोड गेलेला.

दुसरं कारण जुन्या सप्लायचं. त्यांना अंगावर थोडं ओझं लागतं. काहीच लोड नसेल तर व्होल्टेज वर उसळतं आणि सप्लाय घाबरून स्वतःला बंद करतो. एक जुनी हार्ड डिस्क किंवा डीव्हीडी ड्राइव्ह जोडून बघा. ड्राइव्ह घरघरला, पंखा फिरत राहिला, की प्रश्न मिटला. मात्र ज्या डिस्कमध्ये कुणाचं काही ठेवलेलं आहे ती यासाठी वापरू नका.

पंखा फिरतच नाही, पण जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट आहेत.

आधी सप्लायचा मॉडेल बघा. हल्लीचे चांगले सप्लाय कमी लोडवर पंखा मुद्दाम बंद ठेवतात. काहींच्या मागे त्यासाठी बटणही असतं. तेव्हा पंख्यावर विश्वास न ठेवता पिवळ्या वायरवर मीटर लावा किंवा कॅबिनेटचा एखादा १२ व्होल्टचा पंखा जोडा. १२ व्होल्ट असतील तर सप्लाय चालू आहे.

नसतील, तर हिरव्या वायरचं व्होल्टेज पिन लावून मोजा. ते शून्याजवळ गेलेलं असून सप्लाय उठत नसेल, तर मुख्य भाग गेला. आणि जांभळीवरच काही नसेल, तर स्टँडबायच मेलेला आहे; मग हिरवी-काळी कितीही जोडा, ऐकणारंच आत कुणी नाही. त्याआधी पॉवर केबल बदलून बघा. खराब केबल निघणं वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

पंखा फिरला! म्हणजे एसएमपीएस ओके?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

पंखा फिरला याचा अर्थ एवढाच, की सप्लाय सुरू होतो. तो काम करतो की नाही, हे यू-पिन सांगत नाही. कॉम्प्युटरचा पंखा ७-८ व्होल्टवरही फिरतो. १२ ऐवजी १० व्होल्ट देणारा सप्लायही तुमच्या टेबलावर मजेत फिरताना दिसेल.

काही वर्षांपूर्वी एका अकरावीतल्या मुलाचं मशीन आलं होतं. गेम लावला की रीस्टार्ट. मी यू-पिन लावली, पंखा फिरला, मीटरवर लोडशिवाय १२.१ व्होल्ट दिसले. मी सांगितलं, सप्लाय ठीक आहे, बोर्ड बदलावा लागेल. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी सेकंडहँड बोर्ड आणला. तो बसवला आणि मशीन पुन्हा तसंच रीस्टार्ट व्हायला लागलं. मग मी टू-व्हीलरच्या हेडलॅम्पचे दोन ३५ वॉटचे बल्ब पिवळ्या वायरवर लावले. पहिला पेटला तेव्हा ११.६. दुसरा पेटला तसा मीटर उतरत उतरत १०.९ वर आला आणि बल्ब पिवळट पडले. उघडल्यावर आउटपुटचे दोन कपॅसिटर वरून फुगलेले दिसले. बोर्ड चांगला होता, पहिलाही आणि दुसराही. त्या घराचे तेव्हा विनाकारण गेलेले पैसे मी परत दिले, पण ती गोष्ट मनातून गेलेली नाही. तेव्हापासून लोड दिल्याशिवाय मी कुणालाही "सप्लाय ठीक आहे" असं सांगत नाही.

आकडे हे असे पाहिजेत. पिवळी ११.४ ते १२.६ व्होल्ट. लाल ४.७५ ते ५.२५. नारिंगी ३.१४ ते ३.४७. जांभळी लालसारखीच. निळी उणे १०.८ ते उणे १३.२, ती जरा सैल चालते. हे लोड दिलेला असताना.

आणि करडी वायर, ८ नंबरची. तिच्याकडे लोक बघतच नाहीत. सगळी व्होल्टेज जागेवर आली की सप्लाय १०० ते ५०० मिलिसेकंदांत या वायरवर ५ व्होल्टचा निरोप पाठवतो: सगळं ठीक आहे. हा निरोप येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्येच धरून ठेवतो. म्हणजे पंखा फिरतोय, लाल-पिवळी बरोबर आहेत, पण करडीवर शून्य आहे, असा सप्लाय लावला तर मशीनवर काहीच येत नाही. आणि दोष जातो बोर्डाच्या माथी.

लोड कशाचा द्यायचा?

१२ व्होल्टसाठी वर सांगितलेला गाडीचा बल्ब उत्तम. ३५ वॉटचा बल्ब साधारण ३ अँप घेतो आणि किती उजळ पेटतोय ते डोळ्यांनाही दिसतं. फक्त थंड बल्बची तार पहिल्या क्षणाला कितीतरी जास्त करंट ओढते, त्यामुळे एकदम तीन-चार बल्ब लावले तर चांगला सप्लायही बंद पडू शकतो. एकेक वाढवा. बल्ब प्लॅस्टिकवर किंवा टेबलाच्या कापडावर ठेवू नका, तो काही सेकंदांत चटका देण्याइतका तापतो.

५ व्होल्टसाठी पांढरा सिमेंटचा १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लाल आणि काळ्या वायरमध्ये लावा. अर्धा अँप जातो, अडीच वॉट तापतो. तोच रेझिस्टर चुकून पिवळीवर लावला तर १४ वॉटच्या वर जाईल आणि धूर काढेल.

या जुगाडाने ५००-६०० वॉटच्या सप्लायची पूर्ण परीक्षा होत नाही. पण थकलेला सप्लाय बहुतेक वेळा पहिल्या ६०-७० वॉटमध्येच उघडा पडतो.

यू-पिनऐवजी कॅबिनेटचं पॉवर बटण लावलं तर?

दाबून धराल तेवढाच वेळ चालेल. ते बटण सोडलं की सुटतं. बोर्डावर ते चालतं कारण एकदा दाबलं हे बोर्ड लक्षात ठेवतो आणि हिरवी वायर खाली धरून ठेवतो. बोर्डाशिवाय तुम्हाला दाबला की दाबलेलाच राहणारा स्विच लागेल. दिव्याचा साधा स्विचही चालतो. करंट नगण्य आहे.

दोन एसएमपीएस एकत्र सुरू करायचे आहेत.

दुसऱ्याच्या हिरव्या-काळ्यात रिलेचे (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचचे) संपर्क लावा आणि रिलेची कॉइल पहिल्याच्या १२ व्होल्टवर. पहिला उठला की रिले ओढला जातो आणि दुसरा उठतो. बाजारात हेच छोट्या बोर्डच्या रूपात मिळतं. दोघांची ग्राउंड एकमेकांना जोडलेली असू द्या, पण एकाची पिवळी दुसऱ्याच्या पिवळीला जोडू नका.

वॉटर कूलिंग बसवतोय. पंप आधी चालवून बघायचा आहे.

यासाठी जंपर अगदी योग्य. फक्त पंपाची वायर जोडा, बाकी बोर्ड, कार्ड कशालाच वीज देऊ नका. पाणी भरा, हवा निघू द्या, जोडांखाली कोरडा टिश्यू ठेवा आणि काही तास फिरू द्या. टिश्यू ओला झाला तरी त्या वेळी बोर्डात वीज नसते, हाच यातला फायदा.

ब्रँडेड ऑफिस मशीनचा सप्लाय आहे, कनेक्टर वेगळाच दिसतो.

मग थांबा. ऑफिसच्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये फक्त १२ व्होल्ट देणारे सप्लाय असतात आणि कनेक्टर त्या त्या कंपनीचा खास असतो. इंटेलच्या नव्या एटीएक्स १२ व्हीओ पद्धतीत १० पिनांचा कनेक्टर आहे आणि स्टँडबायही ५ ऐवजी १२ व्होल्ट. नेमका पिनांचा नकाशा मिळाल्याशिवाय त्यात तार घालू नका.

दिसण्यावरही जाऊ नका. १९९० च्या दशकाच्या अखेरच्या काही डेल मशीनमध्ये कनेक्टर हुबेहूब एटीएक्सचा होता, पण आतल्या वायरींच्या जागा वेगळ्या. रंग आणि मीटर, दोन्ही जुळले तरच पुढे जा.

गणपतीच्या मखराला एलईडी पट्टी लावायची आहे. जुना एसएमपीएस चालेल?

चालेल, आणि दरवर्षी भाद्रपदाच्या तोंडावर मला हे विचारायला कुणीतरी येतंच. मीटरला ६० एलईडींची नेहमीची जाड पट्टी मीटरमागे साधारण १४ वॉट घेते. ५ मीटरचं रीळ म्हणजे ७२ वॉट, १२ व्होल्टवर ६ अँप. साध्या ४५० वॉटच्या सप्लायला एक-दोन रिळं जड नाहीत.

पण तीन गोष्टी करा. प्रत्येक रिळाच्या पिवळ्या वायरीत गाडीचा १० अँपचा ब्लेड फ्यूज टाका. मखरात थर्माकोल, कापड, कागद असतो, आणि शॉर्ट झाला तर सप्लाय बंद पडायच्या आधी पट्टीची बारीक तार पेटू शकते. दुसरं, सप्लाय मखराच्या बाहेर, हवेशीर जागी ठेवा, कापडाने झाकू नका. आणि यू-पिन काढून तिथे स्विच डागून घ्या, दहा दिवस पिनेवर भरवसा नको. तिसरं, जुना सप्लाय असेल तर लाल-काळ्यात तो १० ओहमचा रेझिस्टर ठेवा. पुष्कळ सप्लाय ५ आणि १२ व्होल्ट एकत्र सांभाळतात. सगळं ओझं १२ वर टाकलं की ५ वर चढतं, १२ खाली येतं आणि पट्टी मंद दिसते. रात्री सगळे झोपायला गेले की बंद करा. समई तेवती राहू दे, पट्टीची गरज नाही.

गाडीचा जुना स्टिरिओ घरात वाजवायलाही हाच सप्लाय चालतो. फक्त त्याच्या पिवळ्या आणि लाल, दोन्ही वायरी सप्लायच्या पिवळीला जोडा.

याने इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होईल का? दोन जोडून २४ व्होल्ट करता येतील?

दोन्हींचं उत्तर नाही. १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला चार्ज व्हायला पावणेचौदा व्होल्टच्या आसपास लागतात. १२ व्होल्टने ती भरत नाही, उलट सप्लाय बंद केला की बॅटरीच त्याच्यात करंट ढकलते.

२४ चा बेत जास्त धोक्याचा. एसएमपीएसची काळी वायर डब्याला आणि डबा भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेला असतो. दोन सप्लाय एकावर एक ठेवून जोडले, की पहिल्याचे १२ व्होल्ट अर्थिंगमधून थेट शॉर्ट होतात. मग कुणीतरी सुचवतं, "एकाची अर्थची पिन काढून टाक." तसं केलं तर त्याच्या डब्यावर १२ व्होल्ट येतात आणि आत बिघाड झाला तर २३० सुद्धा. २४ व्होल्टचा वेगळा सप्लाय विकत घ्या.

उघडून दुरुस्त करू का?

ज्याने हे काम कुणाच्या हाताखाली शिकलेलं नाही, त्याने उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात, पीएफसीवाल्या (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या) सप्लायमध्ये ३८० ते ४००. प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात, आणि ते काढून टाकणारा रेझिस्टर जळलेला असेल तर कितीतरी वेळ. हा शॉक जीवघेणा ठरू शकतो. दुरुस्ती बऱ्याचदा दोन कपॅसिटरचीच असते, खर्च थोडा येतो. पण ती शिकलेल्या माणसाकडून करून घ्या.

एसएमपीएस टेस्टर घ्यावा का?

काही शे रुपयांत पडद्यावर आकडे दाखवणारा मिळतो. सगळी व्होल्टेज एकदम दिसतात आणि करडीचा निरोप किती मिलिसेकंदांत आला तेही दाखवतो. घाईच्या कामाला छान. पण तोसुद्धा लोड जवळजवळ देत नाही. माझ्याकडे टेस्टर आहे आणि त्याच्या शेजारी ते दोन बल्बही आहेत.

तपासून झालं की मी सप्लायवर कागदी टेप चिकटवतो आणि पेनाने लिहितो: तारीख, लोडशिवाय १२ किती, एका बल्बवर किती, दोन बल्बवर किती, करडी आली की नाही. वर्षभराने तोच सप्लाय परत आला, की जुन्या आकड्याखाली नवा आकडा लिहिता येतो.